सगळ्यांचं म्हणजे आपलंही: खुल्या शिक्षणातली मोकळीक आणि जबाबदारी

आम्ही बचत गटांच्या समन्वयक आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत.

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत एक विषय सारखा निघतो. तो म्हणजे मोबाइलवरून शिकण्याचा. कुणी ब्लाउजचं कटिंग बघून शिकतंय, कुणी मुलांना गोष्टी वाचून दाखवतंय, कुणी कोंबड्यांच्या लसींचं वेळापत्रक वहीत उतरवून घेतंय, तर काही गटांनी हिशेबाची वही कॉम्प्युटरवर ठेवायला सुरुवात केली आहे. मग हमखास एक प्रश्न येतो, "ताई, हे सगळं फुकटच आहे ना? मग घ्यायचं आणि पुढे पाठवायचं. त्यात विचार तो काय करायचा?"

दुसरीकडे काही मैत्रिणी अगदी उलट बोलतात. "नको बाई, कुणाचं काय घेतलं आणि उद्या कुणी विचारलं तर?" म्हणून त्या काहीच घेत नाहीत आणि स्वतःला येतं तेही कुणाला देत नाहीत.

या दोन्ही टोकांच्या मध्ये एक नीट वाट आहे. जगभरातले लोक गेली चाळीस वर्षं त्या वाटेवर चालताहेत. तिला कुणी ओपन सोर्स म्हणतं, कुणी मुक्त ज्ञान म्हणतं. आपण साध्या शब्दांत खुलं शिक्षण म्हणू. त्यात मोकळीक किती आणि जबाबदारी किती, हे आज समजून घेऊ.

एक पेपर कटिंग घ्या

समजा, शिवणवर्गातल्या एका ताईंनी ३६ मापाच्या ब्लाउजचं पेपर कटिंग केलं आणि वर्गात ठेवून दिलं. म्हणाल्या, "ज्यांना हवं त्यांनी घ्या." त्या कटिंगचं तुम्ही काय काय करू शकता? एक, ते कापडावर ठेवून तसाच ब्लाउज बेतू शकता. दोन, टेपने मोजून मुंढा किती खोल घेतलाय, टक्स कुठे दिलेत, हे समजून घेऊ शकता. तीन, त्यात आपल्या मापाप्रमाणे बदल करू शकता. आणि चार, मूळ किंवा बदललेलं कटिंग मैत्रिणीला देऊ शकता. वापरणं, समजून घेणं, बदलणं आणि वाटणं.

कॉम्प्युटरच्या जगात नेमक्या याच चार मोकळिकींची मागणी अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी केली. कॉम्प्युटरचा कुठलाही प्रोग्राम लिहिलेल्या सूचनांवर चालतो. त्या सूचनांना सोर्स कोड म्हणतात. कंपन्या तो कोड लपवून ठेवायला लागल्या होत्या. म्हणजे शिवलेला ब्लाउज विकत मिळायचा, पण त्याचं कटिंग बघायला मिळायचं नाही. उसवला तर पुन्हा त्याच दुकानात जायचं. स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली.

पण त्यांनी नुसती मोकळीक मागितली नाही. १९८९ साली त्यांनी एक परवाना तयार केला. त्यातली मुख्य अट सांगण्यासारखी आहे. हा प्रोग्राम घ्या, बदला, वाटा, विकलात तरी चालेल. पण तुम्ही तो बदलून पुढे दिलात, तर घेणाऱ्यालाही हीच सगळी मोकळीक मिळाली पाहिजे. स्वतः उघड्या दारातून आत यायचं आणि मागे कडी लावायची, हे चालणार नाही.

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवलं आणि पुढच्याच वर्षी त्याला हा परवाना लावला. तेव्हापासून हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. म्हणजे आपण रोजच सगळ्यांनी मिळून केलेलं काम वापरतो आहोत, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

फुकट वेगळं आणि खुलं वेगळं

पहिला घोटाळा इथेच होतो. फुकट मिळालं म्हणजे ते खुलं झालं, असं आपल्याला वाटतं.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं मोबाइलवर उतरवून घेता येतात. मुलांनी वाचावीत म्हणूनच ती ठेवलेली आहेत. पण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे आहेत. म्हणजे वाचायला मोकळीक आहे, पण त्यातले धडे घेऊन आपण गाइड छापून विकू शकत नाही. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. एखाद्या लिखाणावर, चित्रावर किंवा गाण्यावर काहीच सूचना छापलेली नसली, तरी हक्क करणाऱ्याचाच असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो हक्क संपतो आणि लिखाण सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांची झाली. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह तर १८५४ सालचा, तोही आपल्या सगळ्यांचा.

पण साठ वर्षं थांबायचं नसेल तर? लेखकालाच आज वाटत असेल की लोकांनी आपलं काम वापरावं, तर? यासाठी २००२ साली क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने आले. गोलामध्ये दोन 'सी' अशी त्यांची खूण असते. त्यापुढे अक्षरं असतात. ती एकदा समजून घेतली की पुढचं सगळं सोपं आहे.

'बाय' असेल तर करणाऱ्याचं नाव द्यायचं. 'एसए' असेल तर बदललेलं कामही त्याच अटींवर खुलं ठेवायचं. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी वापरायचं नाही. 'एनडी' असेल तर बदल करून वाटायचं नाही. ही अक्षरं एकत्रही येतात. 'बाय-एसए' म्हणजे नाव द्या आणि पुढेही खुलं ठेवा. विकिपीडियाचे लेख याच अटीवर आहेत.

मुलांच्या गोष्टींचं उदाहरण घेऊ. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर सुरू केलं. तिथे मराठीसह कितीतरी भाषांत चित्रांच्या गोष्टी आहेत. बहुतेक गोष्टींना 'बाय' हा परवाना आहे. म्हणजे अंगणवाडीताई त्या छापून भिंतीवर लावू शकतात, आपण त्या रेडिओवर वाचू शकतो, आपल्या भागातल्या बोलीत त्यांचं भाषांतर करू शकतो. त्यासाठी कुणाला अर्ज करायला नको. फक्त लेखक, चित्रकार आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव सांगायचं. मेळघाटातल्या कोरकू मुलीला किंवा नंदुरबारच्या भिल्ल मुलाला आपल्या घरच्या भाषेत गोष्ट ऐकायला मिळणं, ही या मोकळिकीची खरी किंमत आहे. तेवढ्याशा मुलांसाठी पुस्तक छापणं बाजाराला परवडत नाही. खुल्या परवान्यामुळे ते काम एखादी शिक्षिकाही करू शकते.

वापरून संपत नाही, मग राखायचं काय?

आता कुणी म्हणेल, गावाचं गायरान सगळ्यांनी वापरलं तर चारा संपतो. विहिरीवर सगळ्यांनी मोटर लावली तर पाणी संपतं. पण गोष्ट वाचून संपत नाही. एकीने वाचली म्हणून दुसरीला कमी पडत नाही. मग राखायचं काय?

बरोबर आहे, ज्ञान वापरून संपत नाही. पण ते नीट ठेवणाऱ्या माणसांचा वेळ संपतो, आणि त्या ज्ञानावरचा लोकांचा विश्वासही संपू शकतो. राखायच्या आहेत त्या या दोन गोष्टी.

याचं एक मोठं उदाहरण २०१४ साली जगाने पाहिलं. इंटरनेटवर पासवर्ड, बँकेचे व्यवहार अशी माहिती गुप्त राहावी म्हणून ओपन-एसएसएल नावाचं खुलं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. मोठमोठ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. त्यात एक चूक राहिली होती. ती दोन वर्षं तशीच पडून होती आणि तिच्यामुळे गुप्त माहिती बाहेर जाऊ शकत होती. चुकीला नाव पडलं 'हार्टब्लीड'. मग शोध घेतल्यावर कळलं, की अर्ध्या जगाचं कुलूप सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातला पूर्णवेळ काम करणारा एकच होता. कोड उघडा होता, कुणीही तपासू शकत होतं. पण कुणीही तपासू शकतं म्हणून प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी तपासत असेल. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे एकत्र करून अशा कामांना आधार द्यायला सुरुवात केली.

हे आपल्याला नवीन आहे का? गटाची वही सगळ्यांसाठी उघडी असते, पण बैठकीत ती कुणी वाचलीच नाही तर उघडी असून काय उपयोग?

याच प्रश्नावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने आयुष्यभर काम केलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोवर बऱ्याच जाणकारांचं म्हणणं असं होतं, की सामायिक मालमत्तेची लोक वाटच लावतात, म्हणून ती एकतर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खाजगी करावी. ऑस्ट्रॉम यांनी ठिकठिकाणची कुरणं, जंगलं, मासेमारी, पाटाचं पाणी यांचा अभ्यास करून दाखवलं, की लोक अशी मालमत्ता शेकडो वर्षंही नीट सांभाळतात. पण तिथे काही गोष्टी असाव्या लागतात. नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असावेत. लक्ष ठेवणारे आपल्यातलेच असावेत. पहिल्या चुकीला मोठी शिक्षा नसावी, टप्प्याटप्प्याने असावी. आणि भांडण मिटवायला लांब जावं लागू नये.

ऐकताना आपल्या गटाचीच आठवण होते ना? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब, ही आपली पंचसूत्री दुसरं काय सांगते? कर्ज कशासाठी घ्यायचं हे ती सदस्य ठरवते. पण हप्ता आणि वही सगळ्यांची असते.

भाषेचं नुकसान कसं होतं

आता एका भाषेची हकीकत सांगतो. स्कॉटलंडमध्ये स्कॉट्स नावाची भाषा आहे. बोलणारे आहेत, पण इंग्रजीच्या सावलीत ती दबलेली आहे. विकिपीडिया म्हणजे कुणालाही लिहिता येईल असा ज्ञानकोश. तो स्कॉट्स भाषेतही आहे. २०२० साली उघड झालं, की त्यातले वीस हजारांहून जास्त लेख एकाच मुलाने तयार केले होते. तो अमेरिकेत राहणारा, बाराव्या वर्षापासून लिहीत होता, आणि त्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी वाक्यं घ्यायची, शब्दकोशात बघून एकेक शब्द बदलायचा, असं तो वर्षानुवर्षं करत होता. स्कॉट्स भाषा म्हणजे मोडकं इंग्रजीच, असा समज त्यामुळे पसरायला मदत झाली. भाषा बोलणाऱ्यांना फार लागलं ते.

दोष कुणाचा? मुलाचा हेतू वाईट नव्हता. मदत करतोय असंच त्याला वाटत होतं. लिहायची मोकळीक त्याला होती. पण इतकी वर्षं तपासणारं, "बाळा, हे असं नसतं" म्हणून सांगणारं कुणी नव्हतं. प्रकार उघड झाल्यावर अनेकांनी त्याला वाट्टेल तसं बोलून घेतलं. ते बरोबर झालं नाही. बरोबर झालं ते पुढचं. भाषा येणारी माणसं एकत्र बसली आणि लेख दुरुस्त करायला लागली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, पण तिथे नियमित लिहिणारे त्यामानाने फारच थोडे. त्यातही स्त्रिया आणखी कमी. जगभरच्या विकिपीडियांवर हीच स्थिती आहे. ८ मार्चच्या निमित्ताने स्त्रियांसाठी विकिपीडियावर लिहिण्याच्या कार्यशाळा होतात त्या म्हणूनच. आज तर यंत्राने क्षणात भाषांतर होतं. कागद भरणं सोपं झालं आहे. अशा वेळी वाक्य वाचून "आपण असं बोलत नाही" हे ओळखणारी बाई फार मोलाची आहे. भाकरी, उखळ, वाफसा, डोहाळे हे शब्द कुठे कसे वापरायचे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

अर्धा चमचा आणि एक चमचा

शब्द चुकला तर भाषेचं नुकसान होतं. माप चुकलं तर जिवावर येतं.

जुलाब होणाऱ्या बाळाला ओआरएस द्यायचं, हे आपल्याला आशाताईंनी शिकवलं आहे. पाकीट मिळालं नाही तर घरी पाणी करायचं माप असं आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आता कुणीतरी हे माप लिहून पुढे पाठवताना 'सपाट' हा शब्द गाळला. पुढचीने 'लिटर'ऐवजी 'तांब्या' लिहिलं. तिच्या पुढचीने 'अर्धा चमचा'चं 'एक चमचा' केलं. प्रत्येकीचा हेतू चांगलाच. पण मीठ जास्त झालेलं पाणी लहान बाळाला धोक्याचं असतं. पाकिटांचंही तसंच. एक पाकीट लिटरभर पाण्याचं असतं, छोटं पाकीट २०० मिलिलिटरचं असतं. पाकिटावर वाचल्याशिवाय माप सांगू नये.

म्हणून आम्ही गटांत सांगतो, आरोग्याची, औषधफवारणीची आणि पैशांची माहिती तीन गोष्टींशिवाय पुढे पाठवू नका. मूळ कुठून आली, कुणी तपासली आणि कोणत्या तारखेची आहे. त्या पेपर कटिंगचंच बघा ना. त्यावर शिलाईची मार्जिन धरलीय की नाही हे लिहिलं नसेल, तर पुढच्या बाईचा ब्लाउज अंगात शिरत नाही. कटिंग देणारीने एक ओळ लिहिली असती तर मीटरभर कापड वाचलं असतं.

नाव आणि संमती

आता जबाबदारीची आणखी एक बाजू. ज्याचं ज्ञान आहे, त्याचं नाव आणि त्याची संमती.

हेमा राईरकर आणि गी पॉयट्वॅं यांनी आपल्या सोबत्यांसह गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या. पुढे हा ठेवा पत्रकार पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आला आणि २०१७ पासून तिथे लोकांसमोर येतो आहे. या कामातली आम्हाला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर ती गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. ओवी कुणा एकीची नसते, आईकडून लेकीकडे येते. पण ती जपून गाणारी बाई नाव असलेली बाई आहे. 'लोकगीत' एवढाच शब्द लिहून तिला पुसून टाकलेलं नाही.

आपल्या गटातही ज्ञान आहे. कुणाच्या आजीची बाळंतविड्याची पद्धत, कुणाची गोधडीची वीण, कुणाचं बियाणं राखेत ठेवायचं तंत्र. ते जगासमोर ठेवायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा आहे. तिला न विचारता व्हिडिओ काढून टाकणं याला खुलेपणा म्हणत नाहीत. आणि तिला हेही आधी सांगायला हवं, की खुल्या परवान्याने दिलेली वस्तू नंतर परत घेता येत नाही. उद्या कुणी ती वापरून पैसे कमावले तर चालेल का, हे विचारायला हवं. नको असेल तर 'एनसी' ही अट घालता येते. तेही नको असेल तर ज्ञान घरात ठेवायचीही तिला मोकळीक आहे.

नियमांचं ओझंही नको

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, इतकी जबाबदारी असेल तर आपण लांबच बरे. ही भीतीही खरी आहे. नियम जास्त झाले की दार कागदावर उघडं राहतं आणि प्रत्यक्षात बंद होतं.

नवख्या बाईने पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या आणि कुणी अनुभवी माणसाने पाच मिनिटांत त्या पुसून टाकल्या, तर ती परत येत नाही. कारण सांगितलं नाही तर मुळीच येत नाही. गटातही पहिल्या बैठकीला उशीर झाला म्हणून नव्या सदस्याला दंड लावला, की ती पुढच्या बैठकीला घरीच बसते.

मग तोल कसा साधायचा? आम्हाला त्याचं उत्तर त्या चार मोकळिकींतच दिसतं. मोकळीक जितकी वापरू, तितका वाटा उचलू. कर्ज मोठं तसा हप्ता मोठा, तसंच.

जी फक्त वाचते, शिकते, वापरते, तिच्यावर काहीही ओझं नको. नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेली बाई गोष्ट वाचते, तेवढ्यासाठीच तर ती गोष्ट खुली केली. तिला "तू काय भर घातलीस?" असं कुणी विचारू नये.

जी पुढे पाठवते, तिने नाव आणि मूळ ठिकाण सोबत द्यावं, आणि आरोग्याची किंवा पैशाची माहिती असेल तर तपासावी.

जी बदल करते, तिने काय बदललं ते एका ओळीत लिहावं. भाषांतर असेल तर ती भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं. मूळ अट 'पुढेही खुलं ठेवा' अशी असेल तर ती पाळावी.

आणि ज्यांच्या हातात नियम आहेत, म्हणजे तपासणाऱ्या, शिकवणाऱ्या, आम्ही समन्वयक, त्यांच्यावर सगळ्यात जास्त जबाबदारी. चूक दुरुस्त करताना कारण सांगायचं, पहिल्या चुकीला समजावून घ्यायचं, आणि आपण नसलो तरी काम चालेल अशा आणखी दोघी-तिघी तयार करायच्या.

गटात काय करता येईल

बोलण्यापुरतं राहू नये म्हणून काही गटांत आम्ही एक साधी पद्धत सुरू केली आहे. महिन्याच्या एका बैठकीत, हिशेब झाल्यावर दहा मिनिटं शिकण्यासाठी ठेवायची. त्या महिन्यात कुणी काय नवीन शिकलं ते सांगायचं. एक 'शिकण्याची वही' ठेवायची. तिच्यात चार रकाने: काय शिकलो, कुठून मिळालं, काय बदल केला, कुणी तपासलं. वही कुणीही घरी नेऊ शकतं, फक्त नेणारीचं नाव लिहायचं.

यात फायदा दिसतो तो असा. एकीने खमणाचं पीठ फुगवायची पद्धत लिहिली, दुसरीने तिच्याखाली 'थंडीत जास्त वेळ लागतो' अशी भर घातली, तर तिसरीला ते आयतं मिळतं. जिला लिहिता येत नाही ती सांगते आणि मुलगी लिहिते, पण नाव सांगणारीचं पडतं. कोण किती लिहितं याची स्पर्धा लावायची नाही. सहा महिने नुसतं ऐकणारी बाईही त्या वहीची तितकीच मालकीण आहे.

तुमच्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल, तर तिला मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान आहे का ते बघायला सांगा. असेल तर त्यातली माहिती बरोबर आहे का, ते तुम्ही शेजारी बसून सांगा. चुकीचं असेल तर दुरुस्त करा आणि ती माहिती कोणत्या पुस्तकात किंवा सरकारी नोंदीत आहे, ते तिथे लिहा. तिला बटणं येतात, तुम्हाला गाव माहीत आहे. दोघी मिळून ते काम होतं.

एवढंच आज सांगायचं होतं. तुमच्या गटात शिकण्याची वही सुरू केलीत, तर तिच्यातलं पहिलं पान कशाबद्दल होतं, ते आपल्या केंद्रावर येऊन नक्की सांगा. सांगणारीची परवानगी असेल तर पुढच्या कार्यक्रमात आम्ही ते वाचून दाखवू, आणि तिचं नाव आधी घेऊ.